भीती वाटत असताना निर्णय कसा घ्यायचा, विश्वासात नवीन असलेल्यांसाठी

मंडळीत नवीन आलेली माणसं मला एक प्रश्न फार विचारतात, की ताई, प्रार्थना करतो, वचन वाचतो, रविवार चुकवत नाही, पण घरात काही मोठं संकट आलं की डोकंच बंद पडतं आणि देवाची इच्छा काय ते काही केल्या कळत नाही, मग करायचं काय? कोणाला मोठा आजार निघालेला असतो, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाला दोन दिवसांत घर सोडायचं की नाही ते ठरवायचं असतं. तर मी जे शिकले, थोडं पाळकांकडून, थोडं बायबलमधून आणि बरंचसं चुका करून, ते क्रमाने लिहिते. क्रमाला महत्त्व आहे, कारण घाबरलेला माणूस आधी ठरवून मोकळा होतो आणि मग देवाला त्यावर शिक्का मारायला सांगतो. मी स्वतः हे कितीतरी वेळा केलंय.

त्याआधी एक गोष्ट. भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाका. 2 इतिहास 20 मध्ये यहोशाफाट राजावर मोठं सैन्य चालून येतं आणि तिथे सरळ लिहिलंय की तो घाबरला. मग त्याने सगळ्या यहूदात उपवास जाहीर केला आणि बायकामुलांसकट उभ्या असलेल्या लोकांसमोर देवाला म्हणाला की काय करावं ते आम्हाला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. राजा असून, सगळ्यांच्या देखत. काल बाप्तिस्मा झालेल्या माणसालाही करता येईल अशी ही प्रार्थना आहे, पाठ करून ठेवा.

पहिली पायरी: वेळ किती आहे ते विचारा

हे मी वडिलांच्या वेळी शिकले. रात्रीचे बारा वाजलेले, हॉस्पिटलचा कॉरिडॉर, काउंटरवर संमतीपत्राचा कागद. पेन दोऱ्याने बांधलेलं आणि दोरा इतका आखूड की सही करायला पार वाकावं लागत होतं. "ऑपरेशन ताबडतोब करावं लागेल, सही करा" एवढंच माझ्या कानावर पडलं होतं, त्याच्या पुढचं मागचं काहीच आठवत नव्हतं. माझा अंगठा त्या कागदाच्या कोपऱ्यावर घासत होता, घामाने तो कोपरा ओला होऊन शेवटी फाटला. मनात एकच चाललं होतं, प्रभू काहीतरी कर, प्रभू काहीतरी कर. आमच्या मंडळीतल्या एक मावशी सोबत आल्या होत्या, शाळा फार शिकलेल्या नाहीत, त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, ताबडतोब म्हणजे किती ते आधी विचार." मी जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले सकाळी आठपर्यंत थांबलात तरी चालेल, त्यापुढे नको. म्हणजे माझ्याकडे आठ तास होते आणि मी आठ मिनिटं असल्यासारखी थरथरत होते.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न हाच, की हे कधीपर्यंत ठरवायचंय आणि ही मुदत दिली कोणी? डॉक्टरने, कोर्टाने, बँकेने दिली असेल तर तिला मान द्या. नातेवाईकाने, एजंटने किंवा आपल्याच धडधडणाऱ्या छातीने दिली असेल तर जरा तपासून पाहा. 1 शमुवेल 13 मध्ये इस्राएलचा राजा शौल याचं असंच झालं, शमुवेल संदेष्ट्याने 7 दिवस थांबायला सांगितलं होतं, समोर पलिष्टी जमलेले, आपली माणसं पांगायला लागली, त्याला धीर निघेना आणि शमुवेलाने करायचा होमबली (पशू जाळून करायचं अर्पण) त्याने स्वतःच अर्पण केला, आणि ते उरकतंय न उरकतंय तोच शमुवेल येऊन उभा राहिला. थोडक्यात गेलं. मला ती गोष्ट वाचताना शौलाचा राग येत नाही, वाईट वाटतं, कारण तो कॉरिडॉर मी पाहिलाय.

पण खरोखरच मिनिटांचा प्रश्न असेल, छातीत दुखतंय, आग लागली आहे, कोणी मारायला उठलंय, तर डोळे मिटून बसू नका. अँब्युलन्स बोलवा, बाहेर पडा, पोलिसांना फोन करा, प्रार्थना धावता धावता होते. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याला राजाने विचारलं की तुझी काय मागणी आहे, तेव्हा त्याने उभ्या उभ्या देवाची प्रार्थना केली आणि लगेच उत्तर दिलं. आणि घरात मारहाण होत असेल तर "सहन कर, अधीन राहा" म्हणून वचनं काढून दाखवणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद बाजूला झाला, भाला भिंतीत घुसला आणि दावीद त्याच रात्री पळून गेला. तुम्हीही आधी सुरक्षित जागी जा, पुढचं काय ते तिथे बसून ठरवू.

दुसरी पायरी: शरीराकडे बघा

ही पायरी लोकांना अध्यात्मिक वाटत नाही म्हणून सोडून देतात आणि तिथेच फसतात. एलीया संदेष्टा 1 राजे 19 मध्ये ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देव त्याला रागावला का? नाही. प्रवचनही दिलं नाही. तो झोपला, दूताने त्याला उठवलं, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती, तो जेवला, परत झोपला, परत जेवला. मग चाळीस दिवसांचा प्रवास आणि होरेबावरची ती मंद वाणी. जेवण आणि झोप आधी, वाणी नंतर. प्रेषितांची कृत्ये 27 मध्ये पण तेच, वादळात सापडलेल्या जहाजावर 276 माणसं, 14 दिवस पोटात नीट काही नाही, आणि प्रेषित पौल, ज्याला देवदूताने आधीच सांगितलंय की कोणाचाही जीव जाणार नाही, तो सगळ्यांना म्हणतो की काहीतरी खा, आणि स्वतः भाकर घेऊन, आभार मानून खायला सुरुवात करतो.

तेव्हा दोन घास खा. पाणी प्या. थोडं चाला. रात्री दोन वाजता राजीनामा लिहू नका, लग्न मोडायचा मेसेज पाठवू नका, कर्जाच्या कागदावर सही करू नका, मुदत सकाळची असेल तर सकाळीच करा. फोन लांब ठेवा, कारण भीतीत आपण दर पाच मिनिटांनी बातम्या आणि फॉरवर्ड चाळतो आणि प्रत्येक वेळी छातीत नवीन धस्स होतं.

आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, उगाच धाप लागत असेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा, समुपदेशकाकडे जा. जगणं नको असा विचार येत असेल तर आजच, एकटं न राहता. गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास असं म्हणणारे भेटतील, त्यांना एवढंच सांगा की पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला होता, नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही.

तिसरी पायरी: भीतीचं नाव घेऊन प्रार्थना करा

"प्रभू, माझी भीती काढून टाक" ही प्रार्थना चांगली आहे पण ढोबळ आहे. कशाची भीती ते बोला. माझे वडील टेबलावरच गेले तर घरचे मला दोष देतील याची भीती वाटते, असं मी त्या रात्री मोठ्याने बोलले आणि बोलताना मला पहिल्यांदा कळलं की माझी निम्मी भीती वडिलांबद्दलची नव्हतीच, लोक काय म्हणतील याची होती. हे कळल्यावर फार रडू आलं, पण डोकं मोकळं झालं.

शब्द सापडत नसतील तर स्तोत्र उघडा आणि आवाज काढून वाचा, 27, 46, 56, कुठलंही. तेच तेच मागायची लाज वाटू देऊ नका. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः तीनदा तीच प्रार्थना केली, हा प्याला टळो असं मनापासून मागितलं आणि त्याच दमात म्हटलं की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. दोन्ही वाक्यं लागतात. नवीन लोक कधी कधी फक्त दुसरं म्हणतात कारण पहिलं म्हणणं त्यांना पाप वाटतं, तसं काही नाहीये, मागा.

चौथी पायरी: कागद घ्या

लूक 14 मध्ये प्रभू म्हणतो की बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशोब करत नाही का. आधी बसून, हे दोन शब्द लक्षात ठेवा. हिशोब करणं म्हणजे विश्वास सोडणं असं नसतं. माझी पद्धत साधी आहे, एका पानाचे तीन भाग करायचे. एकात मला नक्की माहीत आहे ते, दुसऱ्यात मी मनाने धरून चाललेय ते, तिसऱ्यात कोणाला तरी विचारायला हवं ते.

समजा नोकरी गेली. माणूस काय म्हणतो, "सगळं संपलं." आता हे पानावर मांडा. माहीत आहे: पगार बंद झाला, बँकेत तीन महिने निघतील एवढे पैसे आहेत, हप्ता दर महिन्याला जातो. धरून चाललोय: या वयात दुसरी नोकरी मिळणार नाही, मुलांची शाळा बदलावी लागेल, मंडळीत लोक हसतील. विचारायचंय: हप्ता काही महिने पुढे ढकलता येतो का, जुन्या ऑफिसकडून येणं काय काय आहे, ओळखीत कोणाकडे काम आहे का. लिहिल्यावर दिसतं की रात्रभर जे छातीवर बसलं होतं ते जवळपास सगळं मधल्या भागातलं होतं. उद्याची चिंता करू नका हे मत्तय 6 मधलं वचन मला या मधल्या भागापाशी नेमकं लागू पडतं असं वाटतं. पहिल्या भागातल्या गोष्टींची सोय करायची, तिसऱ्या भागातल्या माणसांना फोन करायचे, आणि मधला भाग रोज रात्री देवासमोर ठेवायचा, रोज, कारण तो रोज परत येतो.

माहिती न घेता केलेला निर्णय किती महाग पडतो ते यहोशवा 9 मध्ये वाचा. गिबोनचे लोक फाटके जोडे, जुने कपडे आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन आले, म्हणाले आम्ही फार लांबून आलोय. इस्राएली पुढाऱ्यांनी त्यांची शिदोरी पाहिली, पण परमेश्वराला विचारलं नाही आणि करार करून टाकला, आणि 3 दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच.

पाचवी पायरी: वचनाला विचारा, पण नीट

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन म्हणजे देवाचं उत्तर, हे करू नका. कळकळीने सांगते. सैतानानेही प्रभूला मंदिराच्या टोकावर नेऊन स्तोत्र 91 मधलंच वचन दाखवलं होतं, की उडी मार, दूत तुला झेलतील. वचन खरंच होतं, पण ते उडी मारायला सांगण्यासाठी लिहिलेलं नव्हतं. प्रभूने उत्तर दिलं की देवाची परीक्षा पाहू नको. म्हणून एक वचन सापडलं की अख्खा अध्याय वाचा, कोणाला लिहिलंय, कधी लिहिलंय ते बघा.

मग दोन प्रश्न विचारा. एक, या वाटेने जायला मला खोटं बोलावं लागतंय का, कोणाचं बुडवावं लागतंय का, दिलेला शब्द मोडावा लागतोय का? तसं असेल तर त्यासाठी वेगळं दर्शन मागायची गरज नाही, ते उत्तर आधीच दिलेलं आहे. दोन, माझ्यावर अवलंबून कोण आहे? हा दुसरा प्रश्न मला जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्यामुळे कळला. 1527 मध्ये त्याच्या विटेनबर्ग गावात प्लेग आला, विद्यापीठसुद्धा दुसऱ्या गावी हलवलं, तो मात्र आजाऱ्यांची सेवा करत मागे राहिला. तेव्हा ब्रेस्लाऊ शहरातल्या पाळकांनी त्याला विचारलं होतं की ख्रिस्ती माणसाने साथीतून पळून जावं का. त्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलं नाही. ज्याच्यावर लोकांची जबाबदारी आहे, पाळक, अधिकारी, आईबाप, त्याने लोकांना वाऱ्यावर सोडून जायचं नाही, पण जिथे सांभाळायला पुरेशी माणसं आहेत तिथून कोणी गेला तर ते पाप नाही. आणि औषध घ्या, घर धुरी देऊन स्वच्छ करा, जिथे तुमची गरज नाही तिथे उगाच जाऊ नका, नाहीतर तुमच्यामुळे दुसऱ्याला लागण होईल, हेही त्याने लिहिलं. म्हणजे काळजी घेणं आणि देवावर टाकणं त्याच्या मते एकत्रच होतं.

बरेचदा असं होतं की वचनाने दोन्ही वाटा मोकळ्या असतात. हे शहर की ते, हा इलाज की तो. तिथे देवाने एकच बरोबर उत्तर लपवून ठेवलंय आणि चुकलात तर तुमचं सगळं आयुष्य वाया, असं समजून घाबरू नका. याकोब 1:5 म्हणतं ज्ञान मागा, तो दोष न लावता देतो. आपण ज्ञान मागायचं सोडून चिठ्ठी मागत बसतो.

सहावी पायरी: दोन-तीन माणसं, जास्त नको

सगळ्या मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका, चाळीस सल्ले येतील आणि भीती चाळीसपट होईल. तीन प्रकारची माणसं शोधा: विषयातलं कळणारा एक, मग डॉक्टर असो की वकील, विश्वासात मुरलेलं एक, आणि तुम्हाला "नाही" म्हणू शकणारं एक. हे तिसरं माणूस मिळणं कठीण असतं. दावीद 400 माणसं घेऊन आपला अपमान करणाऱ्या नाबालाचा सूड घ्यायला निघाला होता, तेव्हा नाबालाची बायको अबीगाईल वाटेत आडवी आली आणि तिने त्याला रक्तपातापासून वाचवलं. त्या 400 जणांपैकी कोणी थांबवलं असं काही लिहिलेलं नाही.

आता एक इशारा. तुम्ही संकटात आहात हे कळलं की काही जण फोन करतात, "देवाने मला तुमच्याविषयी दाखवलंय" म्हणतात, मग लगेच पैसे मागतात, किंवा हे कोणाला सांगू नका म्हणतात, किंवा औषध बंद करायला सांगतात. या तिन्हींपैकी एक जरी ऐकू आलं तर फोन ठेवा. खरं मार्गदर्शन चारचौघांत तपासलेलं चालतं. यरुशलेमच्या सभेत प्रेषितांनी खूप वाद करून मग लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटलं. वाद झाला म्हणून आत्मा निघून गेला नाही.

सातवी पायरी: खुणा आणि शांती

इस्राएलचा पुढारी गिदोन याने रात्री लोकर ठेवून, फक्त तिच्यावर दव पडू दे अशी खूण मागितली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याला काय करायचं ते देवाने आधीच सांगितलं होतं हे विसरतात. देवाने त्याचा अशक्तपणा सांभाळून घेतला, ती काही सगळ्यांसाठी घालून दिलेली पद्धत नाही.

शांतीचं जरा नाजूक आहे. "मला शांती मिळाली म्हणजे हेच बरोबर" असं आपण म्हणतो, पण कधी कधी ती फक्त सुटका असते, अवघड गोष्ट टळली म्हणून वाटलेली. योना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता आणि देवाने सांगितलं त्याच्या उलट्या दिशेने चालला होता. फिलिप्पैकरांस 4 मधली शांती वेगळी, ती विनंती आणि आभार यांच्यानंतर येते, आणि ती लिहिणारा पौल बंदिवासात होता. ती शांती मनाभोवती पहारा ठेवते, भीती बाहेर उभी असली तरी. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचा एक नियम मला इथे फार उपयोगी पडतो, की मन अंधारात, उदास असताना आधी उजेडात केलेला निर्णय बदलायचा नाही. तेव्हा नव्याने घाबरलात म्हणून कालचा विचारपूर्वक निर्णय आज फिरवू नका, नवीन माहिती आली असेल तर मात्र जरूर फिरवा.

आठवी पायरी: ठरवा आणि पाऊल टाका

शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबणार असाल तर थांबणं हाच तुमचा निर्णय होऊन बसेल. हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर जून 1939 मध्ये जर्मनीतून अमेरिकेला पोचला, तिथे तो सुरक्षित होता, मित्रांनी सगळी सोय केली होती. महिन्याभराच्या आत तो परत फिरला, आणि आपले हेतू आपल्यालाच पूर्ण स्पष्ट नाहीत हे त्याने डायरीत कबूल केलं. तरी गेला. 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी झाली. निकाल चांगला लागला म्हणजेच निर्णय देवाचा, हे मोजमाप मी त्याच्याबद्दल वाचल्यापासून सोडून दिलं.

शक्य असेल तिथे आधी परत फिरता येईल असं पाऊल टाका. नोकरी सोडण्याआधी रजा, घर विकण्याआधी भाड्याने. आणि पाऊल टाकताना नहेम्या 4:9 करा, त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. 52 दिवसांत यरुशलेमचा तट पुरा झाला तो असाच.

शेवटचं काम वहीत. तारीख, काय ठरवलं, त्या वेळी काय माहीत होतं, कोणाकोणाला विचारलं, आणि काय झालं तर परत विचार करायचा. हे का, तर सहा महिन्यांनी गोष्टी बिघडल्या की मन म्हणतं तुला आधीच कळायला हवं होतं, तेव्हा ते पान उघडून बघता येतं की त्या रात्री एवढंच माहीत होतं. माझं पान हॉस्पिटलच्या रिपोर्टच्या पाकिटाच्या मागे लिहिलेलं आहे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, ऑपरेशनला हो, दुसऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, भावाला विचारलं, स्तोत्र 46 वाचलं, अजून भीती वाटतेय. आणि खाली मावशींच्या अक्षरात त्यांचा फोन नंबर, कधीही कर म्हणून.